घरची दारू

आमच्या घरात दारू भरली जायची, हे मी आधीच सांगून टाकते. उगाच लोकांकडून कळायला नको. मात्र ती काडतुसातली दारू, बाटलीतली नव्हे. मुंबईत तेव्हा दारूबंदी होती आणि बाबांनी जन्मात ताडीलासुद्धा तोंड लावलं नव्हतं.

गावी, मालवणकडे, बाबांची एकनळी बंदूक होती, रीतसर परवान्याची. भात पिकलं की रानडुकरं उतरायची आणि काकाचं पत्र यायचं, काडतुसं पाठव. नवी काडतुसं घ्यायची म्हणजे आम्हा भावंडांचे दिवाळीचे कपडे रद्द. म्हणून बाबांनी ठरवलं, पितळेची रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरायची. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. हरताळ पडला की गिरणी बंद. बाबा मोर्चाला जाऊन घसा बसवून यायचे आणि लालबागच्या आमच्या एका खोलीत करवत घेऊन बसायचे. शिलाई मशीनचे बेवारशी लोखंडी पाय, त्यावर जुन्या दाराची फळी, झाला बाक. तराजू सोनाराने टाकून दिलेला. काडतुसात दाबायच्या चकत्या आजोबांच्या फेल्ट टोपीतून कापल्या. आईचं नरसाळं त्या बाकावर गेलं ते गेलंच. संसार मोडून बंदूक उभी करतायत, असं आई येईल त्याला ऐकवायची.

दारू तोलून भरायचं काम माझं. बाबांचे हात थरथरायचे आणि माझ्या हातून कण सांडायचा नाही. स्टोव्ह विझवायचा, दार लावून घ्यायचं, मग सुरुवात. त्या लावलेल्या दाराने घोळ केला. पार्टिशनपलीकडच्या शेजारच्या काकूंना आतलं एवढंच ऐकू जायचं, "किती दारू भरलंस गो?"

अशात मला स्थळ आलं. मुलगा ठाकूरद्वारचा, बँकेत कारकून. त्याला मी आधी पाहिलं होतं. एका सभेत लाठीमार झाला, सगळे जीव घेऊन पळाले आणि हा शहाणा एका म्हातारीची हरवलेली चप्पल शोधत उभा होता. फोटो हातात आला तेव्हा लगेच ओळखलं. दोन स्थळं आधी परत गेली होती, त्यांचं मला काडीचं वाईट वाटलं नव्हतं. पण हा मला हवा होता. फक्त त्याचे वडील दारूबंदी खात्यात होते.

मंडळी आली ती जिन्यातच काकूंना भेटली. काकूंनी अगदी आपुलकीने कानावर घातलं, मुलगी सोन्यासारखी आहे हो, पण बाप घरात दारू भरतो. हे आम्हाला नंतर कळलं. मी पोहे घेऊन आले तेव्हा एवढंच दिसलं की सासरेबुवा बशीला हात लावत नाहीत. त्यांनी बाबांना सरळच विचारलं,

"तुमच्याकडे दारू भरतात असं ऐकलं."

बाबांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, माणूस आपल्यातला दिसतो, शिकारीचा शौकीन.

"घरचीच भरतो. विकतची परवडत नाही, आणि विकतचीला जोरही नसतो. आमची एक पोटात गेली की जागेवर आडवा."

"आणि घरातल्या बायामाणसांना हे चालतं?"

"चालतं काय, ही मुलगीच भरते. हात बघा तिचा. गावी या एकदा, रात्री शेतातल्या माचावर बसू दोघं."

सासरेबुवा उठले. सासूबाईंनी पदर सावरला. मुलगा माझ्याकडे असं बघत होता, जणू पुन्हा कुणाची तरी चप्पल हरवली आहे. दाखवायला बसवलेल्या मुलीने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, हे आईने मला सकाळपासून बजावलं होतं. खड्ड्यात गेलं ते, म्हटलं. बाकावरचं काडतूस उचललं आणि त्यांच्या बशीशेजारी ठेवलं.

"ही बंदुकीची दारू आहे. डुकरांसाठी. बाबा चहासुद्धा एकच कप घेतात."

मग मुलगा हसला, आणि हसतच सुटला. सासरेबुवांनी आधी परवाना मागितला, शिक्का उजेडात धरून पाहिला, तेव्हा कुठे पोहे खाल्ले. जाताना सासूबाई आईला म्हणाल्या, मुलगी वेळेवर बोलते, आमच्या घरात असं कुणीच नाही.

लग्न झालं. पुढच्या दिवाळीला माहेरी आले तर बाकावर आई पापड लाटत होती. नरसाळं पुन्हा तुपाच्या बरणीवर. काकाचं पत्र आलं होतं, डुकरांनी अर्धं भात खाल्लं. आई म्हणाली, तू गेल्यापासून यांनी एक काडतूस भरलेलं नाही, तूच विचार.

मी विचारलं. बाबांनी माझा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला.

"खावं देत त्यांका," ते म्हणाले. "माझो भरणारो हात गेलो सासरी."