बादलीवाल्या दाजींची नवी खुर्ची

आमचे दाजी, म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, तीस वर्षं बादल्यांचा कारखाना चालवत होते. आक्काला बघायला आले तेव्हा दारातली बादली उचलून त्यांनी बुडाला टिचकी मारली आणि म्हणाले, "वर्षभर टिकेल." आक्काकडे पाहिलं ते त्यानंतर. आक्का अजून ऐकवते!

पुढे कारखाना मुलाकडे सोपवून दाजी सरकारी निधीचे प्रमुख झाले. काम सोपं होतं. कुणी नवीन काही शोधलं की ते पारखायचं आणि पैसे मंजूर करायचे. पण दाजींची पारख काय विचारता! उंदीर पकडायचं यंत्र आलं, दाजी म्हणाले, "बादली उपडी घाला की त्याच्यावर." घडीचं स्टूल आलं. "उपड्या बादलीवर बसा." झोपलेल्याचं पांघरूण ओढणारं घड्याळ आलं, त्यावर तर दाजी हसलेच. "गार पाण्याची बादली!"

अकरा महिने कुणालाही दमडी मिळाली नाही. मग वरून पत्र आलं. शनिवारपर्यंत एक तरी शोध निवडा, नाहीतर निधी बंद आणि तुमची खुर्चीही जाईल. दाजींना अन्न गोड लागेना.

शनिवारी आक्का दाजींचा डबा घेऊन कचेरीत निघाली, गंमत बघायला मीही गेलो. समोर नळदुरुस्तीवाली बाई बसलेली. तिने फुटलेल्या नळाला घट्ट आवळणारा रबरी चिमटा केला होता.

दाजी म्हणाले, "अहो बाई, नळ गळला तर खाली बादली..."

"असं म्हणता?" बाईने पिशवीतून पाना काढला आणि कोपऱ्यातल्या बेसिनचा नळच फोडला. पाण्याची धार थेट दाजींच्या चष्म्यावर!

"शिपाई, बादली!" दाजी ओरडले. बादली आली आणि भरली. दाजी ती खिडकीतून ओतून आले, तोवर जमिनीवर तळं. विजार गुडघ्यापर्यंत वर करून दाजी बेसिन ते खिडकी, खिडकी ते बेसिन पळतायत, आणि बाई हाताची घडी घालून उभी.

"साहेब, बादली भरली की काय करता?"

"ओततो!"

"आणि तोवर?"

दाजी थांबले. तीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "तोवर... तोवर..."

"अहो, तोवर सही करा!" डबा डोक्यावर धरून टेबलावर चढलेली आक्का ओरडली. "मग खुशाल बुडा!"

बाईने चिमटा आवळला. धार बंद. सगळीकडे इतकं ओलं झालेलं की सही कुठे करायची? शेवटी दाजींनी बादली उपडी घातली, धोतराने—चुकलो, माझ्या धोतराने—तिचं बूड पुसलं आणि त्यावर कागद ठेवून झोकात सही ठोकली.

निधी वाचला, खुर्ची वाचली. उठताना त्यांची बोटं गेलीच त्या बुडाकडे. टिचकी मारून बाईला म्हणाले, "पण टेबल म्हणून चांगली आहे, नाही?"