धुतलेली काच
स्पिरिटचा वास आला की मुकुटबनकडचं ते अंगण आठवतं. साठ-एकसष्टची गोष्ट. मेडिकल कॉलेजातले आम्ही नवे डॉक्टर गावोगाव रक्त तपासत संशोधन शिकत होतो. सरांचा दंडक होता, ज्यानं बोटाला सुई टोचली त्यानंच निकाल सांगायला परत जायचं. तिथल्या एका मुलीचं रक्त मी घेतलं होतं; निकाल सांगायला गेलो, तर तिला पुरून आठवडा झाला होता. "तिचं रगत नेलतं ना तुमी? मले वापस द्या," तिची माय म्हणाली. थेंब घ्यायच्या काचा मोजक्याच, म्हणून तपासल्यावर आम्ही त्या स्पिरिटनं धुऊन पुन्हा वापरायचो. तसं सांगून मी खोक्यातली एक काच पुढे केली. तिनं ती उन्हात धरून पाहिली. "धुतली तं काय झालं? तिचं बोट लागलं ना हिले," म्हणत पदराच्या गाठीत बांधून ठेवली. ती तीच काच होती का, हे मला आजही ठाऊक नाही.