समुद्राची तार
ओल्या तरटाचा वास आला की अकोल्याची ती सेठजींची गादी, त्यांची कापसाची पेढी, आठवते. कापसाला सोन्याचा भाव होता आणि मुंबईहून आलेल्या इंग्रजी तारा सेठजींना वाचून दाखवणं हे माझं काम होतं. एकदा तार आली, समुद्र खवळला आहे, आपल्या कापसाच्या गाठींचं खाडीतलं गलबत थांबवावं का? ‘माहा भाऊ हाय त्या गलबतावर, गाठी सांभाळाले,’ मी म्हणालो. सेठजी म्हणाले, ‘अन् भाव उतरला तं? निघू द्या म्हनून लिवा.’ ते उत्तर मीच लिहिलं. गलबत बुडालं, भाऊ परत आला नाही. वर्षभर मी तिथंच तारा वाचत राहिलो. मग सेठजी स्वतः बोटीनं द्वारकेला जायला निघाले. त्या सकाळी तार आली, समुद्र शांत आहे. माल भरायला जमलेल्या गाडीवानांसमोर मी मोठ्यानं वाचलं, ‘तुफान येनार हाय.’ सेठजी पांढरेफटक पडले. ‘सामान उतरवा,’ ते म्हणाले, ‘जिवापरीस मोठं काय हाय?’ मी तार त्यांच्या हातात ठेवली. ‘समुद्र शांत हाय, सेठजी. कोनाकडूनबी वाचून घ्या. माह्या भावाच्या येळेले खरं तुफान होतं, तवा तुमाले जीव मोठा नाई वाटला.’ गाडीवानांनी बैल जुंपले आणि गाठी तिथंच टाकून रिकाम्या गाड्या घेऊन ते निघून गेले. माझी नोकरी त्याच दिवशी गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी सेठजी वारल्याचा निरोप आला, तेव्हा मी जेवत होतो. मी पानावरून उठलो नाही, आणखी एक भाकर मागून घेतली.