आखरावरचा जबाब

ती घटना आठवली की आजही माझ्या कपातला चहा बशीत सांडतो. बायको म्हणते, वय झालं. वय नव्हे, राग आहे तो.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांची मालकी, कायद्याने नुकतीच गेली होती. मालगुजार मात्र गावातच होते. मी तिकडे ठाणेदार होतो; माझ्या हद्दीत धानाची शेती थोडी, जंगल फार. लोकांची खरी दौलत जनावरं. सकाळी सगळ्या गावाची गुरं आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर जमत आणि गायकी त्यांना चारायला नेई. गायकी म्हणजे गुराखी, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरातला. त्याला वर्षाचं धान मिळे. अट एकच. वाघाने जनावर मारलं, तर मालकाला नेऊन धड दाखवायचं. धड नाही, तर गायकी चोर.

एका माजी मालगुजाराने फिर्याद दिली की गायकी गाई चोरून दूरच्या बाजारात विकतो. गाई एकामागून एक नाहीशा झाल्या होत्या आणि धड एकीचंही सापडत नव्हतं. मी गायकीला ठाण्यात आणलं. दरडावलं, चहा पाजला, पुन्हा दरडावलं. तो एवढंच म्हणे, "मी काऊन विकीन, सायेब? मले आखरावर तोंड दाखवाचं हाय." इकडे गावात कोणी त्याच्या घरच्यांकडे गुरं सोडेना.

मग बाजाराच्या दिवशी मोहफुलं विकायला आलेल्या एका बाईने हवालदाराला खबर दिली. नाल्याकाठी शिकारीच्या मचाणाखाली गाईची हाडं पडलीत, पायाला दोर आहे. शिकारीसाठी त्या भागात गायकीला मज्जाव होता. वाघ दोर बांधत नाही, एवढं मलाही कळत होतं.

पंच घेऊन निघालो. मी दोघांच्या मधोमध चाललो. पंचांवर नीट लक्ष राहावं म्हणून, असं त्यांना सांगितलं. मचाणाखाली खुंटा होता, खुंट्याला दोर, दोरात पाय. बाजूला डोकं, एक शिंग खाली वळलेलं. पंचनामा करून मुद्देमाल पोत्यात भरला. गावात पोतं उघडलं, तेव्हा एका विधवा बाईने ते शिंग हातात घेतलं आणि आपली गाय ओळखली. तिची दुभती गाय ती एकच होती.

मालगुजाराला जबाबाला बोलावलं. हसत आला. त्याच्याकडे शिकारीला आलेल्या बड्या पाहुण्यांनी मारलेल्या वाघाचा विषय मी मुद्दाम काढला, तसा तो फुलला. मचाण त्याने उभारलं होतं, आमिषाचे रेडेही स्वतः उभं राहून बांधून घेतले होते, दुसऱ्या कोणाला तिकडे फिरकू दिलं नव्हतं. फुशारकी मारणाऱ्याला अडवू नये, हे मी नोकरीत लवकर शिकलो होतो. हवालदाराने सगळं लिहून घेतलं. सही झाल्यावर मी पोतं उघडायला सांगितलं. ठाणंभर वास सुटला.

पाहुण्यांकडून रेड्यांचे पैसे घेऊन हा कळपातून गुपचूप वळवलेल्या गावच्या गाई बांधत होता. शिंगाकडे पाहून म्हणाला, "ठाणेदारसाहेब, म्हातारी गाय होती. आज ना उद्या मरणारच."

मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. सोडली असती, तर दुसरा गुन्हा माझ्यावर नोंदवावा लागला असता.

वरून निरोप आला, पाहुण्यांचा उल्लेख नको. मालगुजाराला दंड झाला; तो भरून घरी जेवायला गेला. गायकी सुटला. मी म्हणालो, निकालाची नक्कल मिळवून देतो.

"कागद कोन वाचते, सायेब? तुमी आखरावर चाला."

गेलो. सकाळी वर्दीत आखरावर उभं राहून मालगुजाराचं नाव घेऊन सगळं सांगितलं. भाषण मला कधी जमलं नाही. मध्येच शेणावरून पाय घसरला, तरी कोणी हसलं नाही. विधवा बाईने आपली उरलेली कालवड गायकीकडे हाकलली. मग बाकीच्यांनी दावी सोडली. शेवटी मालगुजाराचा गडी मालकाची गुरं घेऊन आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

मी म्हणालो, "याची नेऊ नको, भाऊ."

"गाईचा काय कसूर, सायेब?" म्हणत त्याने तीही कळपात घेतली.

खुनी, दरोडेखोर पुष्कळ पाहिले. त्यांच्यावरचा राग वर्दीबरोबर उतरला. हा उतरला नाही. निर्दोष माणसाला नुसतं सोडून भागत नाही, हे मला त्या गायकीने शिकवलं. पुढे सुटलेल्या माणसाबरोबर मी त्याच्या गावापर्यंत जाऊ लागलो. वरिष्ठांनी त्याचा प्रवासभत्ता कधी मंजूर केला नाही. दुसऱ्याची गाय वाघापुढे बांधणाऱ्यासाठी कायद्यात कलम होतं. दुसऱ्याचं नाव तसं बांधणाऱ्याला पुरेल असं कलम मी निवृत्तीपर्यंत शोधत होतो.