साडेतीनचा झेंडा

आष्टीत मल्हारीला कुणी धावपटू म्हणत नाही. म्हटलंच, तर कुणाबद्दल चाललंय म्हणून तोच आजूबाजूला बघेल. वय छप्पन्न, अंगावर मांस नावाला, डोक्याला फेटा नाहीतर मुलीनं दिलेली टोपी. कापसाच्या हंगामात परतूरच्या एका जिनिंगवर राखणदारी, एरवी घरच्या सात मेंढ्या आणि मिळेल ते काम. पण दर जानेवारीत हा माणूस मालकाकडून चार दिवसांची सुट्टी मागून घेतो, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधतो, परतूरहून रेल्वे धरतो, पुढं दोन एसट्या बदलतो आणि थेट कोकणात उतरतो. तिथं समुद्राच्या कडेनं एकवीस किलोमीटरची दौड असते. आपल्याकडे समुद्र सोडाच, दुधना नदीलाही बारमाही पाणी नाही. तरी त्या दौडीत वीस-पंचवीस माणसं आष्टीच्या मल्हारीच्या भरवशावर पळतात. हे कसं झालं ते सांगायलाच हवं, कारण तो स्वतः कधी सांगणार नाही.

सुरुवात मुलीपासून झाली. मनीषा पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे परतूरच्या रस्त्याला पळायला जायची. एकटी पोर, सुनसान रस्ता, म्हणून मल्हारी तिच्या मागं पळू लागला. पायात टायरची चप्पल, हातात काठी. ती जोर लावायची, दमायची, थांबायची. हा मागून एकाच चालीनं येऊन तिला गाठायचा. एकदा तिनं मोबाइल त्याच्या खिशात टाकून दिला आणि घरी येऊन बघितला, तर प्रत्येक किलोमीटरला तेवढीच मिनिटं. दोन-तीन सेकंदांचा काय तो फरक. मनीषा बघतच राहिली.

"अप्पा, तुम्ही घड्याळ बघून पळता का हो?"

"मला घड्याळ कशाला पायजे? मेंढरामागं चालून राह्यलो ना जलमभर."

आणि ते खरंच होतं. बाप गोरखनाथ वारल्यावर वयाच्या सोळाव्या वर्षापासून दीडशे मेंढ्या त्यानं एकट्यानं सांभाळल्या. आज या गावच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या त्या गावच्या. चाल जास्त झाली तर गाभण्या मेंढ्या थकतात, कमी झाली तर पाण्याला पोचायला ऊन होतं. ती चाल त्याच्या पायात जी बसली ती बसलीच. पुढं पडीक रान राहिलं नाही, चराई बंद झाली, मेंढरं विकली. चाल विकता येत नाही, ती राहिली.

मनीषा भरती झाली आणि तिला रत्नागिरी जिल्हा मिळाला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिनं बापाचं नाव तिथल्या दौडीत घातलं. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मल्हारीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मग म्हणाला, "एवढं पाणी, आन् जित्राबाला पाजता येत न्हाई. काय उपयोग?" त्या वर्षी तो पळाला आणि दौड भरवणाऱ्या सुर्वे मॅडमच्या नजरेत भरला. मॅडम शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला कडक. प्रत्येक किलोमीटरला सारखा वेळ पाहून त्यांनी त्याला पुढच्या वर्षी पेसर व्हायला सांगितलं. पेसर म्हणजे पाठीला काठी, काठीला झेंडा, झेंड्यावर वेळ लिहिलेली. त्या वेळेत पोचायचं असेल त्यानं त्या झेंड्याबरोबर पळायचं. मल्हारीला मिळाला सगळ्यांत शेवटचा, साडेतीन तासांचा झेंडा. साडेतीन तासांनंतर येणाऱ्याला पदकही नाही आणि निकालात वेळही नाही. म्हणजे या झेंड्यामागं येणारे सगळे कच्चे, वयस्क, पहिल्यांदाच पळणारे. त्यांना सांभाळून आणायचं. मल्हारीच्या मनात आलं, यात काय नवीन?

आणि तिथंच घोळ झाला. शिट्टी वाजली, सव्वीस माणसं साडेतीनच्या झेंड्याभोवती जमली आणि मल्हारी शांतपणे सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. एकटा मेंढपाळ पुढं चालत नाही. पुढं चालला तर कोण लंगडतंय, कोण बसलं, हे त्याला कळणार कसं? तो मागूनच हाकतो. माणसांना मात्र झेंडा डोळ्यांपुढं लागतो. झेंडा दिसेना, म्हणून सगळे अंदाजानं पळाले. चौथ्या किलोमीटरच्या उतारावर सुसाट सुटले आणि चौदाव्याच्या चढावर एकेकाचं तोंडचं पाणी पळालं. हा मागून "हळू, हळू" म्हणत राहिला, पण ऐकतो कोण? सव्वीसांतले अकरा वेळेबाहेर गेले. वासंती शेवडे नावाच्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्या चार मिनिटांनी हुकल्या. त्यांनी दोन पानी तक्रार लिहिली. 'पेसर आमच्या मागे लपून पळत होता,' असं तिच्यात ठळक अक्षरात होतं.

लपून! मल्हारीला हा शब्द फार लागला. गावी येऊन त्यानं बायकोला, जयवंताबाईला, सगळं सांगितलं. ती शेण काढत होती. म्हणाली, "मंग तुम्ही पुढं का न्हाई चाललात?" "मागचं कोण बघंल?" तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि कामाला लागली. त्यात तिला समजावण्यासारखं काही नव्हतंच.

वर्षभर तो हाच विचार करत होता. जिनिंगच्या फाटकावर बसून कापसाच्या गाड्या आत सोडताना, मेंढ्यांना पाणी दाखवताना. यंदा जानेवारीत तो सुर्वे मॅडमपुढं जाऊन उभा राहिला.

"मॅडम, झेंडा पुढं पायजे न्हाई का? तर पुढं राहील. पण माझ्या पाठीला न्हाई."

"मग कुणाच्या पाठीला?"

"जो सगळ्यात हळू हाय त्याच्या. आमच्यात लंगडं मेंढरू पुढं घालत्यात. मंग बाकीचे बराबर त्याच्या चालीनं चालत्यात, कुणी मागं सुटत न्हाई. मी मागून त्याला चाल सांगतो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. असं कुठं करतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण गेल्या वर्षीची अकरा माणसंही त्यांना आठवत होती. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मल्हारी, यंदा एकजण जरी वेळेबाहेर गेला, तर पुढच्या वर्षी झेंडा दुसऱ्याकडे. मग मला काही सांगू नका."

साडेतीनच्या झेंड्याखाली यंदा तेवीस नावं होती. सगळ्यांत हळू कोण, ते मल्हारीनं नुसती सगळ्यांची उभं राहायची तऱ्हा बघून ओळखलं. एकसष्ट वर्षांच्या, अंगानं भरलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. शेवडे ताई. तक्रारवाल्याच! यंदा चार मिनिटांचा हिशेब चुकता करायला त्या पुन्हा आल्या होत्या आणि पेसर कोण आहे ते बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. मल्हारीनं झेंडा त्यांच्यापुढं धरला.

"हे काय?"

"ताई, तुम्ही पुढं. आमी समदे तुमच्या मागं."

बाई आधी रागावल्या, मग त्यांनी झेंड्याकडं बघितलं आणि काय वाटलं कोणास ठाऊक, पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मल्हारीनं पट्टा आवळला.

सहाला दौड सुटली. बंदरावरच्या वाळत घातलेल्या मासळीच्या वासातून, जांभ्या दगडाच्या बुटक्या कुंपणभिंतींच्या, म्हणजे गडग्यांच्या कडेनं, सुरूच्या बनातून. उजव्या हाताला समुद्र सारखा होता, पण मल्हारीनं तिकडं पाहिलं नाही. तो पाठी मोजत होता. चौथ्या किलोमीटरचा उतार आला तेव्हा तो ओरडला, "ताई, आवरा!" आणि शेवडे ताईंनी आवरलं. त्यांच्या मागं एक बँकेतले साहेब होते, लाल टोपी घातलेले, ते कुरकुरले, पण झेंड्यापुढं जायचं धाडस त्यांनाही झालं नाही. चौदाव्याच्या चढावर गेल्या वर्षी जिथं माणसं कडेला बसली होती तिथं यंदा तेवीसजण चालत, पण न थांबता वर चढले. ताईंचा श्वास भात्यासारखा चालला होता. मल्हारी मागून सांगत होता, "बस, ही चाल बराबर हाय. जल्दी न्हाई करायची. बिलकुल न्हाई." वर पोचल्यावर ताईंनी मागं वळून बघितलं. बावीस माणसं आपल्यामागं आहेत, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांचा चेहराच बदलला.

शेवटचे तीनशे मीटर राहिले तिथं पाण्याचं टेबल होतं. तिथून वळण घेतलं की समोर शेवटची कमान दिसायची. त्या वळणावर बंदोबस्ताला मनीषा उभी होती. खाकी वर्दी, टोपी, हातात शिट्टी. मुलीला कामावर उभं राहिलेलं मल्हारीनं कधी पाहिलंच नव्हतं. ती आधी सरळ उभी होती. मग तिला राहवलं नाही आणि तिनं हाक मारली, "अप्पा!"

मल्हारीनं तिच्याकडं बघितलं. चाळीस-पन्नास पावलं तो तिच्याकडंच बघत पळाला. आपली मनी, आणि रस्त्यावरच्या गाड्या हिच्या हातानं थांबतात!

तेवढ्यात कळपानं कमान बघितली आणि कुणी कुणाला आवरेना. सगळे सुटले. मल्हारी कमानीजवळ पोचला, पण आत गेला नाही. बाजूला उभा राहून तो आत जाणाऱ्यांना बोट दाखवून मोजू लागला. शेवडे ताई झेंड्यासकट आत गेल्या. कमानीवरच्या घड्याळात तीन तास पंचवीस मिनिटं. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. आणि रस्ता मोकळा.

त्यानं आतली माणसं पुन्हा नजरेनं मोजली. लाल टोपी नव्हती. पाण्याच्या टेबलाशी साहेब थांबले असणार, आणि तेव्हाच आपण मुलीकडं बघत होतो. दुसऱ्या कुणाची चूक नव्हती. तो उलटा पळत सुटला. जीव मुठीत घेऊन म्हणतात तसा. साहेब वळणाच्या पलीकडं जांभ्याच्या गडग्यावर पोटरी धरून बसले होते. गोळा आला होता. "तुम्ही जा, माझं राहू द्या," ते म्हणाले. मल्हारीनं त्यांचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्यानं पोटरी वरून खाली रगडली, पंजा वर दाबला आणि त्यांना उभं केलं.

"चला साहेब. राहू द्यायला आन्लं का तुम्हाला इथवर?"

साहेब लंगडत पळाले. मल्हारी मागं, हात त्यांच्या पाठीशी, पण न लावता. लोक ओरडत होते. तीन एकोणतीस आणि पन्नास सेकंदांना साहेबांचा पाय कमानीखालच्या वेळ नोंदवणाऱ्या चटईवर पडला आणि यंत्र वाजलं. मल्हारी दोन पावलांवर होता. सुर्वे मॅडम स्वतः ओरडल्या, "मल्हारी, या आत, या!"

तो थांबला. वळून त्यानं मागचा रस्ता एकदा नीट बघितला, या टोकापासून त्या वळणापर्यंत. कुणी राहिलं नव्हतं. मग तो आत आला. तीन तास, तीस मिनिटं, सात सेकंद.

मॅडमनी कागद वाचला. साडेतीनच्या झेंड्याखालचे तेवीसच्या तेवीस वेळेत. पेसर वेळेबाहेर. नियम तो नियम, म्हणून पदक नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घालून ती मल्हारीच्या हातात दिली. "पुढच्या वर्षी झेंडा तुमचाच," त्या म्हणाल्या. पण शेवडे ताई झेंडा सोडायलाच तयार नव्हत्या. पुढच्या वर्षीही तो त्यांच्याच पाठीला बांधायचा, असं त्यांनी तिथंच बजावलं.

मनीषानं ड्यूटी संपल्यावर घरी फोन लावून दिला. पलीकडून जयवंताबाईनं विचारलं,

"किती आल्ते?"

"तेवीस. समदे आले."

"आन् तुम्ही?"

"सात सेकंद राह्यलो. मागं व्हतो ना."

मनीषानं फोन स्पीकरवर टाकला.

"मंग मागंच पायजे व्हते तुम्ही," जयवंताबाई म्हणाली, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात पुन्हा एकदा म्हणाली, "तेवीसच्या तेवीस आन्ले यांनी!"