देवबाग विरुद्ध विजयदुर्ग

हलत नसलेल्या कोणत्याही गोष्टीविषयी माझ्या बायकोच्या धाकट्या मामांना काडीचीही आस्था नव्हती. डोंगर, देऊळ, सूर्यास्त, खुर्चीत नटूनथटून बसलेली नवरी, हे सगळं त्यांच्या लेखी वाया गेलेलं सामान. धावणारा, उडणारा, निदान घसरून पडणारा कुणी दिसला की मात्र कॅमेरा डोळ्याला लागलाच. नव्व्याण्णव साली आमचं लग्न झालं, त्याचे मामांनी हौसेने दोन रोल काढले. त्यांत मी कुठेच नाही. अक्षता पडत असताना मांडवातून पळालेला एक कुत्रा मात्र असा टिपलाय, की त्याच्या मिशा मोजून घ्याव्यात. त्याच्या पाठीमागे जे पिवळट, धुरकट काहीतरी दिसतं ते आपण दोघं, असं बायको सांगते. मी आपली भीतभीत तक्रार केली, तर मामा म्हणाले, "उभ्या माणसाचो फोटो कोणय काढीत, जावयबापू."

मामा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. लग्न केलं नाही, निवृत्त झाले, देवबागला समुद्राकडच्या घरात एकटे राहू लागले आणि हातात आलेले पैसे त्यांनी पिवळ्या पट्ट्याच्या एका कॅमेऱ्यात आणि हातभर लांब लेन्समध्ये घातले. बटण अर्धं दाबलं की तो कॅमेरा समोरची वस्तू आपणहून स्पष्ट करून घेई, आणि ती पळू लागली की तिच्या मागोमाग जाई. याला ऑटोफोकस म्हणतात, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत कळलं, आणि तेही चहाच्या आधी. मामांनी मला वाळूत बरंच लांब उभं केलं आणि "थंयसून धावत येवा" म्हणून हाक मारली. नवा जावई कोट घालून धावत आला. मग सासूबाई धावल्या. पोस्टमन तर सवयीने फाटकापासूनच धावत यायचा. माणसाची पारख मामा यावरूनच करत. धावताना मध्येच दिशा बदलणाऱ्याला कॅमेरा धरू शकत नाही, म्हणून तो मनुष्यच भरवशाचा नाही, असं त्यांचं मत होतं आणि अमुक एका नातेवाइकाच्या बाबतीत ते खरंही निघालं.

पाखरांसाठी तर त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे किनाऱ्यावर उतरत, तेव्हा मामा ताजे बांगडे विकत घेऊन त्यांच्यासाठी हवेत उडवत आणि स्वतः घरी येऊन आमटीभात खात. मासळीवाली एकदा माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "मास्तरानू, तुमी आमटीभात खातास आणि बांगडे पाखरांका घालतास. त्या बांगड्याक काय वाटत आसात?" मामांनी हे ऐकलंच नाही, कारण एक कुरव वळण घेत होता. गावच्या क्रिकेट सामन्यांना ते सीमारेषेवर पोटावर पडलेले असत. कोण जिंकलं हे त्यांना कधीही सांगता आलं नाही. पहिल्या डावात फोकस बरा होता, दुसऱ्यात उन्हं उतरल्यावर तो चाचपडायला लागला, एवढंच ते सांगत.

अशाच एका सामन्यात सीमारेषेवर त्यांच्या शेजारी आणखी एक म्हातारा पोटावर पडलेला निघाला. तो विजयदुर्गचा, बंदर खात्यातून निवृत्त झालेला, विधुर, आणि त्याच्या गळ्यात दुसऱ्या कंपनीचा, लाल पट्ट्याचा कॅमेरा. तिथून पुढे मामांच्या आयुष्याला अर्थ आला असं म्हणायला हरकत नाही. नाव असताना मामा त्यांना नुसतं 'विजयदुर्ग' म्हणत आणि ते मामांना 'देवबाग'. दर रविवारी सकाळी फोन वाजे आणि दोन गावं भांडू लागत. मी ते भांडण पुष्कळदा ऐकलंय. मामांचं म्हणणं, लाल पट्टेवाला पाखराला झटकन धरतो खरा, पण पाठीमागे लाट उसळली की पाखरू सोडून लाटेच्या मागे जातो. पलीकडून फोन कानाला न लावताही ऐकू येईल असं उत्तर येई: "आणि तुजो धरीसर पाखरू गोव्याक पोचता."

वर्षातून एकदा, थंडीत, समोरासमोर निकाल लागे. एक वर्ष देवबागला, एक वर्ष विजयदुर्गला. दोघं शेजारी उभे राहत, एकाच पाखरावर नेम धरत आणि "आता" म्हटलं की दोन्ही कॅमेरे कडकडत. पुढे दोघांनी डिजिटल कॅमेरे घेतले, पण पट्टे तेच आणि भांडणही तेच. दोघंही आपणच जिंकलो असं ठरवून एकमेकांशी न बोलता पांगत, पाहुणा एस.टी. गाठे, आणि रविवारी परत फोन. यातली खरी गंमत अशी, की इतक्या वर्षांत एकानेही दुसऱ्याचा कॅमेरा डोळ्याला लावून पाहिला नव्हता. दुसऱ्याच्या ताटात जेवल्यासारखं ते दोघांनाही वाटे.

मग एका रविवारी फोन वाजला नाही. मामांनी याचा अर्थ शत्रू पळाला असा घेतला. आठवडाभर ते खुशीत होते. मला मुद्दाम सावंतवाडीला फोन करून त्यांनी सांगितलं, की त्याच्या आदल्या रविवारी लाटेचा मुद्दा बिनतोड मांडला होता, त्याला उत्तर सुचलं नसणार. आपण होऊन फोन करणं म्हणजे माघार, म्हणून त्यांनी केलाच नाही. शनिवारी विजयदुर्गकरांचा मुलगा मुंबईहून बोलला. वडील मागच्या रविवारी पहाटेच गेले होते.

महिन्याभराने तो मुलगा देवबागला आला. आमच्याकडे हा कुणाला वापरता येत नाही, तुमच्याकडे असावा, म्हणाला आणि लाल पट्ट्याचा कॅमेरा ओटीवर ठेवून गेला. मामांनी मला बोलावून घेतलं. एका माणसाला दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी एक पाखरू कसं काढता येणार, म्हणून दुसरा माणूस हवा, असं कारण त्यांनी दिलं. किनाऱ्यावर पोचल्यावर पिवळ्या पट्ट्याचा त्यांनी माझ्या गळ्यात घातला आणि लाल स्वतः घेतला. मला वाटलं होतं उलट होईल. मामांनी तो डोळ्याला लावला, खाली घेतला, काच सदऱ्याला पुसली, परत लावला.

"माका काय दिसणा नाय," ते म्हणाले.

मी पाहिलं, मलाही सगळं धुक्यात. मग लक्षात आलं. डोळा लावतो तिथे बाजूला एक बारीक चाक असतं, ज्याच्या-त्याच्या नजरेप्रमाणे फिरवायचं; फोटोवर त्याचा परिणाम होत नाही. ते पार टोकापर्यंत फिरवलेलं होतं. विजयदुर्गकरांची नजर इतकी गेली होती, आणि दर थंडीत शेजारी उभं राहणाऱ्या मामांना त्यांनी त्याची गंधवार्ताही लागू दिली नव्हती. मी चाक फिरवायला बोट लावलं, तर मामांनी माझा हात धरला. "फिरवू नकात. ऱ्हवांदे. त्येच्या डोळ्याचा आसा ता."

बांगडा उडाला, कुरव झेपावले, मामा "आता" म्हणाले. मी दाबलं, त्यांनीही दाबलं, आंधळ्यासारखं, नुसत्या अंदाजाने. माझ्या कॅमेऱ्यात आलं ते रिकामं आभाळ. तो माझ्या हाताचा दोष, कॅमेऱ्याचा नाही. मामांनी चष्मा चढवून लाल कॅमेऱ्याचा मागचा पडदा पाहिला. पाठीमागे मोठी लाट उसळली होती आणि तरीही कुरवाचा डोळा, चोच, पंखाचं शेवटचं पीस, सगळं लख्ख. मामा तो फोटो बराच वेळ बघत राहिले. 

"लाटेक सोडल्यान, पाखराक सोडूक नाय," ते म्हणाले. "त्येचा खरा होता. आता ह्या सांगूचा कोणाक?"

आम्ही घरी आलो. त्यानंतर मी दर रविवारी त्यांना फोन करायला लागलो. फोकसमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मासिकं वाचून थोडंफार पाठ केलं. एकदा तर मुद्दाम धडधडीत चुकीचं बोललो. पिवळ्या पट्टेवाल्यांना उडतं पाखरू कधी धरताच आलं नाही, बसलेलंही नशिबाने मिळतं, असं ठासून सांगितलं आणि आता शिव्या येतील म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला.

पलीकडून शिव्या आल्याच नाहीत, म्हणून मी फोन परत कानाला लावला. मग मामा मऊपणे म्हणाले, "तुमी म्हणतास तसाच आसात. जेवलास मा?"