टाकीला कुलूप

येडू ड्रायव्हरचं नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस हटकून हसायचा आणि येडू त्याला हसू द्यायचा. नावात वेड असलं तरी सोलापूर ते मंद्रूप या चौदा मैलांत आपल्याइतका शहाणा दुसरा नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. एकतीस सालच्या दिवाळीपर्यंत लोकांचंही साधारण तसंच मत होतं. दिवाळीनंतर मात्र लोक त्याच्याकडं बघून गालात हसायला लागले, आणि ते हसू नावापायी नव्हतं.

जात धनगराची. विसाव्या वर्षापर्यंत तो मेंढरांमागं फिरला. दुष्काळात कळप संपला तेव्हा पोटासाठी सोलापुरात आला, एका जिनिंगवाल्याच्या मोटारी धुऊ लागला आणि धुता धुता चालवायलाही शिकला. शुक्रवार पेठेतले सरकी-पेंडीचे व्यापारी चनबसप्पा यांनी एका वकिलाची जुनी अमेरिकन मोटार घेऊन मंद्रूपची सर्व्हिस सुरू केली, तेव्हा ड्रायव्हर म्हणून येडूलाच ठेवलं. पाच माणसांच्या त्या गाडीत येडू नऊ बसवायचा, कोंबड्या वेगळ्या. पण कुणाची वस्तू गाडीत राहिली तर ती त्याच्या दारात पोचलीच म्हणून समजा. एकदा एका बाईचं डोरलं सीटच्या फटीत सापडलं, तर हा गडी तीन कोस चालत जाऊन ते देऊन आला. "मेंढक्याच्या हातात सगळ्या गावाची मेंढरं असत्यात," तो म्हणायचा. "येक जरी कमी भरलं तर त्यानं तोंड कुटं दावायचं?" गरीब माणसाजवळ नावाखेरीज असतं काय? येडूला त्या नावाचा जरा जास्तच तोरा होता, हेही खरं.

मंद्रूपचा रस्ता म्हणजे काळ्या मातीचा नुसता फुफाटा. मोटारीचं इंजिन पेट्रोलबरोबर हवाही ओढून घेतं, आणि ज्या तोंडानं ओढतं ते तोंड या गाडीत अगदी खाली, धुळीच्या वाटेवरच होतं. येडूनं त्यावर शक्कल काढली होती. त्या तोंडाला त्यानं घोंगडीचा जुना, विरलेला तुकडा बांधला होता. हवा आत जायची, धूळ बाहेर राहायची. त्या वर्षी दसऱ्याला तो तुकडा पार फाटला. येडूची आई राजाबाई मंद्रूपलाच थोरल्या लेकाकडं राहायची. घरात माग होता. भाऊ घोंगड्या विणायचा आणि चिंचोके वाटून, शिजवून त्याची खळ घोंगडीला चढवायचं काम म्हातारीचं. तिच्या हातची खळ बसली की घोंगडी अशी ताठ व्हायची की पाऊस वरून निथळून जावा. लेकाच्या मोटारीला म्हणून तिनं नव्या घोंगडीचा तुकडा दुहेरी शिवला आणि वर खळीचे दोन हात जास्तीचे दिले. येडूनं तो मोठ्या कौतुकानं बांधला.

तिथून पुढं गाडी पेट्रोल ढोसायला लागली.

चनबसप्पा रोज सकाळी स्वतः उभं राहून दोन गॅलनचा डबा टाकीत ओतायचे. त्या एका डब्यात गाडी मंद्रूपला जाऊन परत यायची आणि टाकीत काठी घातली तर दोन बोटं पेट्रोल उरलेलं दिसायचं. दिवाळी झाली आणि काठी कोरडी यायला लागली. मग गाडी पेठेच्या तोंडाशी बंद पडू लागली. मग पेठ दूरच राहिली, ती गावाबाहेर बसकण मारू लागली. येडू आधी म्हणाला, माणसं जास्त झाली. मग म्हणाला, थंडी पडली. मग त्याला म्हणायला काही उरलं नाही.

आणि एके दिवशी परतीच्या वाटेवर गाडी हत्तूर गावापाशी थांबली ती थांबलीच. नेमके त्या दिवशी मागं चनबसप्पा बसले होते आणि शेजारी त्यांच्या मुलीचे होऊ घातलेले सासरे. दोघांनी धोतरं वर खोचली आणि सोलापूर पायी गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा ओतता ओतता ते अगदी शांतपणे म्हणाले, "येडू, पेट्रोल कुणाला घालतोस?"

"म्हंजी?"

"डबा मी ओततो. रस्ता तोच, गाडी तीच. मग जातंय कुठं? वाटेत काढून कुणाला तरी देत असशील."

येडूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अण्णा, आईची आन घिऊन सांगतो..."

"शपथ नको. पेट्रोल दाखव."

आता पेट्रोल दाखवायचं म्हणजे काय करायचं? येडूनं त्या आठवड्यात गाडीचं हाड न् हाड तपासलं. टायरात हवा कमी होती, ती भरली. चाकं एकेक उचलून हातानं फिरवून बघितली, तर मागचं डावं चाक ब्रेकाला घासत होतं. ते मोकळं केलं. अर्ध्या बोटाचा फरक पडला आणि दुसऱ्या दिवशी तोही गेला. गळती असेल म्हणून खाली रद्दी पसरून ठेवली, तर रद्दी कोरडीच्या कोरडी. कारबुरेटर खोलून पुसला, पेट्रोलचा स्क्रू आवळला, तर गाडी ढांगा टाकायची सोडून खोकायला लागली. प्लग काढले तर तव्यासारखे काळे. ते घासून चकचकीत केले आणि संध्याकाळी पुन्हा काळे ते काळेच. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून बघितली, तर उतारूंनी देवाचा धावा सुरू केला. आणि दर वेळी कारबुरेटर बसवून झाला की येडू तो घोंगडीचा तुकडा दोनदा झटकून, नीट दोरी आवळून, जागच्या जागी बांधायचा. कसा पापडासारखा ताठ राहिलाय, म्हणून त्याला आईचं कौतुकही वाटायचं. अक्कल कुठं गहाण पडते ते माणसाला सांगता येत नाही, दुसरं काय.

राग येऊन येऊन तो रडकुंडीला आला. चोरी केली असती तर निदान पेट्रोल कुठं गेलं ते तरी ठाऊक असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मालकाचा संशय एव्हाना पेठेपासून मंद्रूपपर्यंत पोचला होता. गाडीत चढताना लोक टाकीकडं बोट दाखवून एकमेकांना कोपरानं ढोसायचे. एक म्हातारा तर सरळ म्हणाला, "येडू, घरी कंदिलात पेट्रोल घालतुयास का काय?" सगळी गाडी हसली. येडूनं पुढच्या मैलभरात एकही खड्डा चुकवला नाही.

शेवटी त्यानं गाडी स्टेशनच्या रस्त्यावरच्या दस्तगीर मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री बोलायला थोडा आणि ऐकायला पक्का. त्यानं सगळी कर्मकहाणी ऐकली, इंजिन चालू करायला लावलं, मागं निघणारा काळा धूर बघितला, प्लग नाकाशी धरला.

"येडू, तेरी गाडी पेट्रोल ज्यादा नै पीती," तो म्हणाला. "हवा कम पीती."

"हवेला काय तोटा हाय व्हय? हितनं तितनं हवाच हाय की."

मिस्त्री वाकला आणि खालच्या तुकड्याला बोट लावलं. "ये क्या बांध्या?"

"घोंगडी हाय," येडू अभिमानानं म्हणाला. "आईनं दिलीया. धूळ म्हणून आत जात न्हाय."

मिस्त्रीनं तुकडा सोडला आणि येडूच्या हातात दिला. "मूं पे लगा. इसमेंसे सांस ले."

येडूनं तो तोंडावर घट्ट धरला आणि श्वास ओढला. श्वास आलाच नाही. पुन्हा ओढला. डोळ्यांत पाणी आलं, पण हवेचा कण आत शिरला नाही. वाटेतल्या सीना नदीच्या पाण्यातून गाडी घालताना रोज तो तुकडा भिजायचा, खळ ओली व्हायची, तिच्यावर रस्त्याची काळी माती बसायची, आणि इंजिनाच्या उबेनं सगळं वाळून सारवलेल्या भुईसारखं घट्ट व्हायचं. हवा मिळेना म्हणून इंजिन नुसतं पेट्रोलच ओढत होतं, आणि न जळलेलं पेट्रोल काळा धूर होऊन मागनं जात होतं. तुकडा काढल्यावर त्यांनी गाडी सुरू केली, तर ती अशी हलकी चालली की येडूला हुंदका आला. मिस्त्रीनं त्या तोंडावर तारेची बारीक जाळी बसवून दिली.

येडू गाडी घेऊन शुक्रवार पेठेत आला तो उडतच. बघतो तर चनबसप्पा पायरीवर उभे, शेजारी लोहार, आणि लोहाराच्या हातात कडी, कोयंडा आणि पितळी कुलूप.

"अण्णा, आवो सापडलं..."

"आधी हे बसू दे. मग बोल."

टाकीच्या झाकणाला कुलूप बसणार होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी येडूनं गाडीची किल्ली तिथंच भिरकावली असती. पण त्या दिवशी तो मनातून इतका खूश होता की त्याला वाटलं, बसवू दे, काय बसवायचं ते. उद्या पेट्रोलच बोलेल. मी कशाला बोलू? त्यानं लोहाराला कोयंडा धरूनसुद्धा दिला. आयुष्यात नको तिथं तोंड उघडणारा माणूस, पण हवं तिथं नेमका गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी गाडी मंद्रूपला जाऊन आली. चनबसप्पांनी कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं, काठी घातली. तीन बोटं पेट्रोल. त्यांनी काठी पुसून पुन्हा घातली. तीन बोटं. येडू छाती काढून उभा होता.

चनबसप्पा हसले. "बघितलंस? कुलूप लावलं आणि पेट्रोल राहिलं."

"अण्णा, कुलपानं न्हाय. त्ये घोंगडीचं फडकं होतं, त्यानं हवा कोंडली हुती. काल मिस्त्रीकडं काढलं. दस्तगीरला इचारा पायजे तर."

"मिस्त्री काय, ड्रायव्हर काय. एकाच माळेचे मणी."

"मग फडकं पुन्ना बांदतो. कुलूप असंच राहू द्या. उद्या बगा पेट्रोल कसं जातंय त्ये."

"वा," चनबसप्पा म्हणाले. "तुझं खरं करायला मी डबाभर पेट्रोल जाळू?"

व्यापारी माणूस, त्याच्या जागी तो बरोबरच होता. येडूनं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगून बघितलं. जेवढं जास्त सांगावं तेवढं ते जास्त खोटं वाटत होतं, हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. चनबसप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात राग नव्हता, आणि तेच येडूला सोसवेना.

"होगली बिडू," ते म्हणाले. "जाऊ दे, सोड. झालं गेलं गंगेला मिळालं. माणूस आहे, चुकतो. सुधारलास ना? मग झालं. संक्रांतीला तुला धोतरजोडी देतो."

आणि त्यांनी हे जो भेटेल त्याला सांगितलं. कौतुकानं सांगितलं. आमचा येडू सुधारला हो, आता पेट्रोलाला हात लावत नाही. लोकांनीही मोठ्या मनानं त्याला माफ केलं. कंदिलाचा विनोद करणाऱ्या म्हाताऱ्यानं तर तंबाखू पुढं केली. येडूला वाटलं, याच्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या. शिवी परत देता येते, माफी कशी परत द्यायची?

बाजाराच्या दिवशी मंद्रूपला गाडी लावून तो आईकडं जेवायला गेला. राजाबाईनं ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी पुढं ठेवली आणि समोर बसली.

"बाजारात बाया बोलत हुत्या," ती म्हणाली. "मालकानं तुला माफ केलं म्हनं."

येडूनं घास खाली ठेवला. हिला तरी खरं कळू दे, म्हणून त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सीनेचं पाणी, खळ, माती, मिस्त्रीनं तोंडाला लावायला सांगितलेला तुकडा. सांगता सांगता त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. राजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा मात्र हळूहळू आवळत गेला.

"म्हंजी माज्या घोंगडीनं केलं."

"तुज्या घोंगडीनं म्हंजी, आये, त्या खळीनं..."

"माज्या खळीनं." तिनं भाकरीची टोपली मागं ओढली. "चाळीस वर्सं खळ लावतीया म्या. हितनं अक्कलकोटापातुर लोकं माज्या हातची घोंगडी पांघरत्यात. येका मानसानं नाव ठेवलं न्हाय. आन प्वाटचा ल्योक आपली चोरी झाकाया माज्या घोंगडीवर बालंट घालतुया."

"आये, म्या चोरी केली न्हाय."

"केली असशील तर केली म्हन की. म्या काय तुला फौजदाराच्या हवाली करत न्हाय. प्वाटासाटी मानूस करतुया. पर घोंगडीचं नाव घिऊ नगंस." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आता ह्ये बी बाजारात सांगशील. मग माजी घोंगडी कोन घील?"

या बाईला चोर लेक चालत होता, वाईट घोंगडी चालत नव्हती. आणि तो कुणाचा लेक होता हेही त्याला त्या घडीला नीट कळलं, कारण तिच्या जागी तो असता तर त्यानंही असाच थयथयाट केला असता. त्याचं नाव तर गेलंच होतं. आता कितीही आरडाओरडा केला तरी ते परत येणार नव्हतं, फक्त तिचं तेवढं जाणार होतं. त्याला स्वतःचा, गाडीचा, चनबसप्पांचा, सगळ्या जगाचा असा वीट आला की बोलताना त्याचा आवाजही चढला नाही.

"घेतलं, आये," तो म्हणाला. "पेट्रोल म्याच घेतलं."

राजाबाईनं डोळे पुसले. तिला किती बरं वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मग तसं म्हनायचं की पयल्यांदाच," ती म्हणाली, आणि टोपलीतली आणखी एक भाकरी काढून तिनं त्याच्या ताटात वाढली.